कर्त्याचा कॅमेरा आणि पाहणाऱ्याचे डोळे

महाभारतांतील संजयाची योजना मोठी मार्मिक आहे. रणांगणावर जाण्याचें सामर्थ्य ज्याच्या अंगीं नाहीं, परंतु तेथें काय चाललें आहे हें जाणण्याची ज्याला तळमळ आहे, अशा अंध राजाजवळ एक पाहणारा बसविला आणि त्याच्या मुखानें सारें युद्ध राजवाड्यांत आणलें. धृतराष्ट्राचें पुत्रप्रेम सदोष होतें हें खरें. परंतु त्याची ही तळमळ घरोघरीं आढळते. तरुण मंडळी डोंगरावर किंवा समुद्रावर जातात, आणि परत आलीं कीं घरचीं वडील माणसें ‘काय काय पाहिलेंत?’ म्हणून विचारतात. ह्या प्रश्नाचें उत्तर तोंडानें न देतां यंत्रानें देण्याची चाल आतां पडली आहे. त्या यंत्राला ‘अ‍ॅक्शन कॅमेरा’ असें म्हणतात. काड्याच्या दोन पेट्या एकावर एक ठेवाव्या इतक्याच बेताचा हा कॅमेरा छातीवर, डोक्यावर किंवा मनगटावर बांधावा, आपण आपलें चालावें, चढावें, पोहावें, आणि त्यानें तें सर्व टिपीत राहावें, अशी ही योजना आहे.

ह्या कॅमेऱ्यांपैकीं कोणता घ्यावा ह्याचा खल आमच्या घरीं गेला दीड महिना चालला होता. घर मोठें, खर्च सामाईक, आणि मतें माणसागणिक निराळीं. म्हणून अखेरीस सर्व माहितीपत्रकें आमच्यापुढें येऊन पडलीं. आम्ही आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकविलें. यंत्रशास्त्र आमचा विषय नव्हे. परंतु दोन रूपें शेजारीं ठेवून त्यांतील भेद शोधण्याची संवय कोठेंही उपयोगीं पडते. आम्हांला जें आढळलें तें ज्या घरांत असाच खल चालू असेल त्यांच्या उपयोगीं पडावें, ह्या हेतूनें येथें मांडीत आहों.

प्रथम हा प्रश्न कसा निघाला तें सांगितलें पाहिजे, कारण निर्णयाची कसोटी त्यांतच आहे. आमचे वडील बंधु अण्णा आतां अठ्याहत्तर वर्षांचे आहेत. तरुणपणीं अहिल्यानगर जिल्ह्यांतील हरिश्चंद्रगडावर ते तीन वेळां गेले होते, आणि तेही खिरेश्वराहून, टोलार खिंडीच्या वाटेनें. गुडघे गेल्यापासून त्यांना घराचा जिनाही अवघड झाला आहे. गेल्या मार्गशीर्षांत त्यांचा नातू पाचनईच्या बाजूनें गडावर जाण्यास निघाला, तेव्हां त्यानें एका मित्राचा जुना अ‍ॅक्शन कॅमेरा मागून नेला. तो कोणत्या कंपनीचा होता हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. बराच वापरलेला होता, इतकें पुरे. परत आल्यावर रविवारीं रात्रीं माजघरांतील दूरदर्शनसंचापुढें सर्व मंडळी जमली, आणि अण्णांना अगदीं पुढें आरामखुर्चीवर बसविलें.

चार मिनिटें झालीं न झालीं तोंच अण्णांनीं डोळे मिटून घेतले. चित्र प्रत्येक पावलागणिक वरखालीं उडत होतें, आणि त्यांना घेरी येऊं लागली. थोड्या वेळानें केदारेश्वराची गुहा आली. पाण्यांत उभें असलेलें तें प्रचंड लिंग आणि चार खांबांपैकीं अखंड उरलेला तो एकच खांब पाहण्यासाठीं अण्णा पुन्हां सावरून बसले. परंतु पडद्यावर काळोखांत हालणाऱ्या करड्या ठिपक्यांवांचून कांहींच दिसेना. कोंकणकडा तर आलाच नाहीं. तेथें पोंचण्यापूर्वींच बॅटरी संपली होती. नातू बिचारा खजील झाला. अण्णा रागावले नाहींत. ते एवढेंच म्हणाले, “बाळ, तुझे पाय चांगले आहेत; पण तुझ्याबरोबर माझ्या डोक्याला उड्या माराव्या लागल्या.”

त्याच रात्रीं घरांत नवा कॅमेरा घ्यावयाचें ठरलें, आणि त्या रात्रींच्या तीन दोषांनींच आमच्या तीन कसोट्या ठरविल्या : हादरा, अंधार आणि बॅटरी.

ह्या जातीच्या कॅमेऱ्यांचा इतिहास फार जुना नाहीं. दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आणला, तेव्हां कॅमेरा तिवईवर स्थिर उभा असे, त्याचा दांडा हातानें फिरवावा लागे, आणि धांवपळ करावयाची ती समोरच्या नटांनीं. चित्र घेणारा एक आणि चित्रांत येणारा दुसरा, ही वांटणी पुढें अनेक वर्षें तशीच राहिली. ती मोडण्याची कल्पना कॅलिफोर्नियांतील निक वुडमन ह्या तरुणाला ऑस्ट्रेलिया व इंडोनेशियाच्या सफरींत सुचली. फळीवर उभें राहून लाटांशीं खेळतांना आपलें चित्र आपणच घ्यावें अशी त्याला इच्छा झाली. २००२ सालीं त्यानें कंपनी काढली; तीच पुढें ‘गोप्रो’ ह्या नांवानें प्रसिद्धीस आली. तिचा पहिला कॅमेरा २००४ सालीं विक्रीस आला. तो मनगटावर बांधावयाचा असून त्यांत ३५ मिलिमीटरची साधी फिल्म घालावी लागे. त्याचें नांव ‘हिरो’ असें ठेविलें होतें. जो करील तोच चित्राचा नायक, असा ह्या नांवाचा रोंख. आणि तेंच नांव कंपनीनें आजवर चालविलें आहे.

सप्टेंबर २०२४ मध्यें ह्या कंपनीनें दोन कॅमेरे एकदम जाहीर केले : एक ‘हिरो १३ ब्लॅक’ आणि दुसरा नुसताच ‘हिरो’. पुढें २०२५ सालीं त्यांत ‘लिट हिरो’ ह्याची भर पडली. ह्याच्या अंगांतच लहानसा दिवा बसविलेला आहे. सोयीसाठीं आम्ही ह्यांना अनुक्रमें थोरला, धाकटा आणि दिव्याचा असें म्हणूं. बाजारांत आले त्या वेळच्या अमेरिकेंतील किंमती पाहिल्या तर थोरल्याची ३९९.९९ डॉलर, धाकट्याची १९९.९९ डॉलर आणि दिव्याच्याची २६९.९९ डॉलर होती. म्हणजे एका थोरल्याच्या पैशांत दोन धाकटे येतात. घरांत पहिला वाद ह्यावरच झाला. धाकट्या सूनबाईंचें म्हणणें असें कीं, दोन्हींतून चित्रच निघावयाचें असेल तर दुप्पट पैसे कशासाठीं?

प्रश्न रास्त होता, म्हणून आम्ही प्रथम चित्राच्या बारकाव्याचाच हिशेब केला. चित्र बारीक बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. सामान्य ‘फुल एचडी’ चित्रांत आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे सुमारें २० लाख ७३ हजार ठिपके असतात. ‘४ के’ म्हणतात त्यांत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारें ८३ लाख, बरोबर चौपट. धाकटा ४ के पर्यंत जातो, आणि त्या मापावर सेकंदाला ३० चित्रें घेतो. दिव्याचा त्याच मापावर सेकंदाला ६० घेतो. थोरला ‘५.३ के’ पर्यंत चढतो. ५३१२ गुणिले २९८८, म्हणजे सुमारें १ कोटी ५९ लाख ठिपके, आणि तेही सेकंदाला ६० वेळां. आकड्यांनीं पाहिलें तर थोरला बराच पुढें आहे. परंतु आमच्या माजघरांतील संच ४ के चाच आहे. त्यावर ८३ लाखांहून अधिक ठिपके उमटावयाचे नाहींत. मग उरलेले सुमारें ७६ लाख ठिपके जातात कोठें? ह्याचें उत्तर पहिल्या कसोटींत मिळतें.

हादऱ्याचा उपाय हे कॅमेरे कसा करतात तो समजून घेण्यासारखा आहे. चांगला शिंपी शिवणींत थोडें जास्त कापड ठेवतो, म्हणजे पुढें सैल करावयाचें झालें तर जागा असते. त्याचप्रमाणें कॅमेरा दाखवावयाच्या चित्राहून मोठें चित्र आधीं घेतो. आंत एक सूक्ष्म भ्रमणमापक असतो. कॅमेरा कोणत्या बाजूस किती कलला हें तो एका सेकंदांत कितीतरी वेळां मोजतो. कॅमेरा उजवीकडे कलला कीं चित्राची चौकट तितकीच डावीकडे सरकविली जाते; खालीं गेला कीं वर. कडेचें जादा चित्र कापून टाकलें म्हणजे मधलें चित्र स्थिर वाटतें. म्हणजे थोरल्याचे ते जादा ठिपके वायां जात नाहींत. कांहीं अंशीं ते ह्या कातरकामींच खर्च होतात. थोरल्यांत ही क्रिया चित्र घेत असतांनाच होते. कंपनी तिला ‘हायपरस्मूथ’ म्हणते, आणि २०१८ सालच्या ‘हिरो ७ ब्लॅक’ पासून ती चालत आलेली आहे. थोरला सबंध फिरला तरी चित्रांतील क्षितिज आडवेंच ठेवण्याची सोयही त्यांत आहे. धाकटा बाजारांत आला तेव्हां हें काम कॅमेऱ्यांत होत नव्हतें. चित्र मोबाइलवर घेऊन कंपनीच्या ‘क्विक’ नांवाच्या अ‍ॅपमधून काढावें लागे. फळ बरेंचसें तेंच. फक्त कष्ट मागाहून करावयाचे.

घराच्या दृष्टीनें हा भेद लहान नव्हे. डोंगरावरून दमून आलेला मुलगा दोन तासांचें चित्र रात्रीं अ‍ॅपमधून स्थिर करीत बसेल काय, हें ज्याचें त्यानें आपल्या मुलाकडे पाहून ठरवावें. ज्या घरांत असें चिकाटीचें माणूस असेल तेथें धाकट्यानें निम्मे पैसे वांचतील. आमच्या नातवाच्या चिकाटीविषयीं त्याच्या आईला विचारलें, तेव्हां ती नुसती हंसली. आम्ही तें उत्तर नोंदवून घेतलें.

दुसरी कसोटी अंधाराची. येथें मात्र जाहिराती पाहून फसूं नये. ह्या सर्व कॅमेऱ्यांचा प्रकाश घेणारा पडदा नखाएवढा असतो. उजेड भरपूर असेल तर प्रत्येक चित्र क्षणार्धाच्याही लहानशा अंशांत पुरें होतें. गुहेंत उजेड अपुरा, म्हणून तेंच चित्र पुरें होण्यास अधिक वेळ द्यावा लागतो. आणि त्या वेळांत अंग हाललें तर चित्र फराट्यासारखें फांसलें जातें. चौकट सरकवून उडी नाहींशी करतां येते; फांसलेलें चित्र पुन्हां रेखीव करतां येत नाहीं. हा दोष थोरल्यांतही पूर्ण जात नाहीं, थोडा कमी होतो इतकेंच. दिव्याचा कॅमेरा ह्या कामीं उपयोगी पडेल असें प्रथम आम्हांस वाटलें. परंतु प्रकाशाचा नियम असा कीं, अंतर दुप्पट झालें कीं उजेड चौथाईवर येतो. हातभर अंतरावरील चेहऱ्याला तो दिवा पुरेल. केदारेश्वराच्या गुहेला पुरणार नाहीं. शिवाय चांगली विजेरी वेगळी नेतां येते, आणि ती सोबत्याच्या हातीं देतां येते. तेव्हां अंधारावर खरा उपाय म्हणजे विजेरी लावावी, कॅमेरा दगडावर टेकवावा, आणि अर्धा मिनिट स्वतः हालूं नये.

तिसरी कसोटी बॅटरीची, आणि ह्यांत थोरला निर्विवाद पुढें आहे. त्याची १९०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी काढतां-घालतां येते. ५.३ के मापावर सेकंदाला ३० चित्रें घेतलीं तर ती सुमारें दीड तास चालते, असें कंपनी सांगते. धाकट्याची बॅटरी ४ के वर शंभर मिनिटांहून अधिक चालते असें तिचें सांगणें आहे. परंतु ती अंगांतच बसविलेली असल्यामुळें संपली म्हणजे कॅमेरा तारेला जोडून बसावें लागतें. थोरल्याची दुसरी बॅटरी खिशांत ठेवली कीं काम झालें. गडावर रात्रीचा मुक्काम असेल तर हा भेद फार मोठा आहे. ह्याबरोबरच साठवणीचाही विचार करावा. थोरला अत्युच्च प्रतीचें चित्र घेतांना सेकंदाला १२० मेगाबिट, म्हणजे तासाला सुमारें ५४ गिगाबाइट भरतो. ६४ गिगाबाइटचें कार्ड त्याला सव्वा तासही पुरत नाहीं.

बाकीचे भेद थोडक्यांत सांगतों. वजन थोरल्याचें १५९ ग्रॅम, धाकट्याचें ८६. मनगटावर किंवा लहान मुलाच्या डोक्यावर बांधावयाचा असेल तर हा फरक जाणवतो. कवच न घालतां थोरला १० मीटर खोल पाण्यांत चालतो, धाकटा व दिव्याचा ५ मीटर. पावसाला तिघेही पुरेसे आहेत. मालवणच्या समुद्रांत खोल बुडी घेणाऱ्यांनीं मात्र वेगळें कवच घ्यावें. आणि खाऱ्या पाण्यांतून बाहेर आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यानें धुवावा, नाहींतर मीठ रबरी कडांत शिरून बसतें. ह्याच सप्टेंबर २०२४ मध्यें निघालेला डीजेआय कंपनीचा ‘ऑस्मो अ‍ॅक्शन ५ प्रो’ कवचाशिवाय २० मीटर जातो. ज्यांचें मुख्य काम पाण्यांतलें आहे त्यांनीं तोही पाहावा. थोरल्याला पुढें पडदा आहे, धाकट्याला नाहीं. म्हणजे कॅमेरा आपल्याकडे वळवून बोलणाऱ्याला स्वतःचें तोंड थोरल्यांतच दिसतें. स्थान व उंची सांगणारी जीपीएसची सोय २०२३ च्या ‘हिरो १२ ब्लॅक’ मधून काढली होती, ती थोरल्यांत परत आली आहे. अण्णांना हें फार आवडलें. आपला नातू नेमका किती उंचीवर उभा आहे हें त्यांना पडद्यावर वाचतां येईल.

राहिलीं भिंगें. थोरल्याला वेगवेगळीं भिंगें जोडतां येतात. फार रुंद दृश्य घेणारें एक, अगदीं जवळच्या फुलाचें किंवा किड्याचें चित्र घेणारें दुसरें, आणि भर उन्हांत प्रकाश कमी करणाऱ्या काळसर कांचांचा एक संच. कोणतें भिंग लाविलें हें कॅमेरा आपोआप ओळखतो. योजना उत्तम आहे; परंतु प्रत्येकाची किंमत निराळी. वहिनींनीं ही यादी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “स्वयंपाक यायला लागला म्हणजे भांडीं घेऊं.” भिंगांचा विषय तेथेंच संपला.

अखेर थोरला घ्यावयाचें ठरलें; एक जादा बॅटरी आणि १२८ गिगाबाइटचें एक कार्ड, भिंग एकही नाहीं. सूनबाईंची हरकत आम्ही फेटाळली असें मात्र कोणी समजूं नये. ज्या घरांत मुलांच्या सहली, पोहणें, सायकल एवढेंच काम आहे तेथें तिचेंच म्हणणें खरें, आणि तेथें धाकटाच घ्यावा. आमच्या घरीं निकाल फिरला तो अण्णांच्या खुर्चीमुळें. विकत घेणारा तरुण ठिपके किती, वेग किती, खोली किती हें विचारतो, कारण यंत्र त्याच्या अंगावर असतें. परंतु त्याचें फळ भोगावयाचें तें घरीं बसलेल्यांनीं. चित्र स्थिर आहे कीं नाहीं, दिसतें कीं नाहीं, आणि पुरेसें लहान आहे कीं नाहीं, इतकेंच ते विचारतात. उपनिषदांत एकाच झाडावरील दोन पक्ष्यांचें रूपक आहे. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. कॅमेरा खाणाऱ्याच्या गळ्यांत बांधला तरी निवड करतांना पाहणाऱ्याचाही विचार घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

कॅमेरा हातीं देतांना आम्ही नातवाला तीन अटी घातल्या. कड्याच्या दहा हात अलीकडे पडद्याकडे पाहणें बंद. कॅमेरा छातीवर असावा, दोन्ही हात मोकळे असावेत आणि डोळे पायाखालीं असावेत. चित्रासाठीं मागें मागें सरकत कड्यावरून गेलेल्या तरुणांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतों; तसलें चित्र पाहावयास कोणीही वडील माणूस जिवंतपणीं तयार नसतो. दुसरी अट, पाणवठ्यावर किंवा देवळांत अनोळखी मंडळी, विशेषतः बायकामाणसें असतील तेथें कॅमेरा बंद ठेवावा. तो लहान आहे म्हणून कोणाच्या लक्षांत येत नाहीं, आणि म्हणूनच जबाबदारी अधिक. तिसरी अट, दोन दिवसांचें चित्र वीस मिनिटांत बसवावें. निबंध लांबला कीं आम्ही वर्गांत गुण कापीत होतों. येथेंही कापूं असें बजावलें.

नातू येत्या मार्गशीर्षांत पुन्हां गडावर निघणार आहे. परवां सायंकाळीं तो अण्णांजवळ बसून नवा कॅमेरा दाखवीत होता. उडी मारली तरी चित्र कसें स्थिर राहतें, एका सेकंदांत चारशें चित्रें घेऊन धबधब्याचा थेंबन् थेंब कसा संथ पडतांना दाखवितां येतो, हें सर्व त्यानें उत्साहानें सांगितलें. अण्णांनीं सगळें ऐकून घेतलें. मग म्हणाले, “तें सगळें कर. पण कोंकणकड्याशीं गेलास म्हणजे हा एका दगडावर ठेव आणि पांच मिनिटें तसाच राहूं दे. बोलूं नकोस. मी तिथें अगदीं असाच बसत असें.”

नातू क्षणभर गप्प राहिला. मग त्यानें खिशांतून वही काढली आणि ‘कोंकणकडा, पांच मिनिटें, बोलावयाचें नाहीं’ असें लिहून घेतलें. त्या वीस मिनिटांत आतां पंधराच उरलीं, हें आमच्या ध्यानांत आलें; परंतु आम्ही अट सैल करावयाचें मनांत योजून ठेविलें आहे.